घोटीत वजन हलकं भरतं

घोटीहून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरी सोडून थळ घाट उतरू लागते. १८६५ पासून वापरात असलेल्या या मार्गावर दर ३७ मीटरला एक मीटर उतार आहे. लोको पायलटचं लक्ष ब्रेक पाइपच्या गेजवर असतं. नेहमीचा दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो. तो घटवला की डब्यांचे ब्रेक लागतात. पण काटा खरं सांगतोय, हे ठरवायचं कुणी?

काट्यामागे असते वाकवलेली, चपटी धातूची नळी. दाब वाढला की ती उलगडू पाहते आणि तिचं टोक दातेरी चाकांतून काटा फिरवतं. युजेन बूर्दाँ या फ्रेंच घड्याळजी-इंजिनिअरनं १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. धक्के, कंपनं, उष्णता यांनी धातू थकतो, दाते झिजतात. म्हणून मुदत भरली की गेज उतरवून प्रयोगशाळेत धाडायचं.

तिथं डेड वेट टेस्टर असतो. तेल भरलेल्या सिलिंडरात अगदी बेताचा बसणारा पिस्टन, त्यावर चकत्यांची वजनं. भार भागिले क्षेत्रफळ, झाला दाब! पिस्टन तरंगला की तंत्रज्ञ वजनं हलकेच फिरवतो, म्हणजे घर्षणानं तो अडत नाही. गेजला आधी दोन-तीनदा पूर्ण दाबापर्यंत नेऊन आणतात. मग टप्प्याटप्प्यानं दाब चढवायचा आणि त्याच टप्प्यांनी उतरवायचा. चढताना ६ वर थांबलेला काटा उतरताना ६.१ वर रेंगाळू शकतो. नळी परतायला का-कू करते, ती तफावतही नोंदली जाते.

खरी गंमत वजनांत आहे. समजा, प्रयोगशाळा घोटीतच आहे. प्रमाण गुरुत्व सेकंदवर्गाला ९.८०६६५ मीटर मानलेलं, घोटीच्या अक्षांशाला आणि उंचीला ते भरतं सुमारे ९.७८५. प्रमाण गुरुत्व धरून घडवलेली १० बारची वजनं इथं ९.९८ बारच्या आसपासच दाब देतील. (सह्याद्रीच्या उंचीला फार दोष नको, बराचसा फरक अक्षांशाचा, मुंबईतही तो असतोच.) एक टक्का अचूकतेच्या गेजला हा ०.२२ टक्क्यांचा फरक चालून जाईल. पण पाव टक्क्याच्या मास्टर गेजची जवळपास सगळी मुभा त्यातच संपते. म्हणून चोख प्रयोगशाळा स्थानिक गुरुत्वाची दुरुस्ती हिशेबात धरते, आणि तिच्या वजनांच्या पडताळणीची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेपर्यंत पोचलेली असावी लागते.

प्रमाणपत्रावर ‘उत्तम’ असा शेरा शोधू नये. तिथं प्रत्येक टप्प्याची चूक आणि मोजणीतली अनिश्चितता लिहिलेली असते. गेज पुन्हा बसवायचं की भंगारात काढायचं, हे ते वाचून वापरणाऱ्यानं ठरवायचं.