काळ फिरवणारा कॅमेरा

छडी फिरली की पिसं उडतात, दिवे लागतात, कुलपं उघडतात. हॅरी पॉटरच्या पहिल्या दोन चित्रपटांत हे सगळं पाहून झालं होतं. मग २००४ साली तिसरा चित्रपट आला, 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान'. दिग्दर्शनाची सूत्रं ख्रिस कोलंबस यांच्याकडून मेक्सिकोच्या अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे आली आणि हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या भिंतींआड एक निराळी जादू शिरली. ती जादू खुद्द कॅमेऱ्याची होती. काळ आवळायचा, ताणायचा आणि उलटा फिरवायचा!

सुरुवातीची नाइट बस आठवा. जांभळी, तीन मजली, लंडनच्या रस्त्यांवरून सुसाट सुटलेली. ही बस संगणकातून निघालेली नाही. लंडनच्या जुन्या दुमजली बसगाड्यांचे भाग जोडून ती खरोखर बांधली होती आणि खऱ्या रस्त्यावर चालवली होती. मग तिला तो वेग आला कुठून? चित्रपट पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम या गतीनं धावतो. समजा, चित्रण करताना सेकंदाला ६ फ्रेमच टिपल्या, तर पडद्यावर सगळं चौपट वेगानं घडतं. नाइट बससाठी आजूबाजूच्या गाड्या मुद्दाम अगदी हळू चालवल्या, रस्त्यावरच्या माणसांनाही सावकाश हालचाली करायला लावल्या. फिल्म वेगानं फिरली तेव्हा गाड्या आणि माणसं नेहमीसारखी दिसू लागली आणि नेहमीच्या वेगानं चाललेली बस विजेसारखी झाली. म्हणजे जादू बसमध्ये नव्हतीच. ती संथ केलेल्या शहरात होती.

ही विद्या आपल्याकडेही फार पूर्वी आली. दादासाहेब फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, आडनाव उलटं करून घेतलेल्या 'प्रोफेसर केळफा' या नावानं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वाढेपर्यंत कॅमेऱ्यानं थोडं थोडं टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर बघता बघता उलगडली. भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला तो ते रोप पाहून.

बसमध्ये काळ आवळला, तर डिमेंटरांसाठी तो ताणला. मनातला आनंद शोषून घेणारे हे तुरुंगाचे पहारेकरी. मुलांची आगगाडी पुलावर थांबते, खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी चढते, बाटलीतलं पाणी गोठतं. एवढ्यानंच भीती भरते. डिमेंटर अजून आलेलासुद्धा नसतो. क्वारोन यांना त्याचा झगा हवेत फडफडायला नको होता. बाहुलीकार बॅसिल ट्विस्ट यांना घेऊन त्यांनी कापडाच्या बाहुल्या पाण्याखाली हलवून पाहिल्या. पाण्यात कापड आपल्या मर्जीनं, सावकाश पसरतं, आणि ती सावकाश हालचालच अंगावर येते. शेवटी डिमेंटर संगणकावरच घडवावे लागले, पण त्यांच्या चालीत पाण्याचं ते जडपण राहिलं.

आणि मग येते तिसरी करामत. हॅरीची मैत्रीण हर्मायनी गळ्यातली साखळी हॅरीच्याही गळ्यात अडकवते आणि वाळूच्या इवल्याशा घड्याळाला तीन गिरक्या देते. दोघं जागच्या जागी उभी. भोवतालची माणसं मात्र उलट्या पावलांनी भराभर मागे जातात, रात्र सरून उजेड परततो. एकाच चौकटीत दोन काळ!

या प्रसंगाची पेरणी आधीच झालेली असते. शाळेचा रखवालदार हॅग्रिड याच्या झोपडीत कुठूनसा दगड येतो आणि बरणी फुटते. दुसरा हॅरीच्या डोक्याला लागतो. पुढे लांडगा झालेले शिक्षक ल्युपिन हॅरीवर झेप घेणार, तोच रानातून दुसऱ्या लांडग्याची आरोळी येते आणि ते तिकडे वळतात. आपण हे पाहतो आणि विसरतो. काही तास मागे गेल्यावर कळतं की दगड हर्मायनीनं मारले होते, आरोळीही तिचीच होती. तळ्याकाठी डिमेंटरांना परतवून लावणारी आकृती पाहून हॅरीला आपले वडील आल्यासारखं वाटलं होतं. आता तो त्याच काठावर वडिलांची वाट पाहत उभा राहतो. कोणीच येत नाही. तेव्हा त्याला उमगतं की आपण पाहिला तो आपणच होतो. पोरक्या मुलाला हवा असलेला आधार त्याच्याच हातून घडतो, आणि काळाचा सगळा खेळ त्या एका क्षणासाठी मांडलेला असतो.

म्हणूनच या मालिकेतला मला सर्वांत श्रेष्ठ वाटणारा चित्रपट हाच. घरातल्या मुलांबरोबर तो पुन्हा पाहा. झोपडीतली बरणी फुटली की क्षणभर चित्रपट थांबवा आणि त्यांना विचारा, "दगड कोणी मारला?" उत्तर त्यांचं त्यांना सापडू द्या.