शहर कोणाच्या हातात?

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची ती पावसाळी सकाळ होती. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद रेल्वे पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांना प्राण गमवावे लागले. पुढे चौकशी झाली आणि लष्कराच्या मदतीने बांधलेला नवा पूल २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला. सारा रोष रेल्वेवर निघाला, आणि ते स्वाभाविकच होते. मात्र तो पूल काही नव्याने अरुंद झालेला नव्हता. अनेक वर्षे तो तेवढाच होता. बदलले होते ते त्याच्या दोन्ही टोकांचे शहर. हा बदल कोणी केला, कोणत्या अधिकाराने केला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे पाहू गेल्यास जागतिकीकरणाच्या काळातील आपल्या नागरी कारभाराचे चित्र बरेचसे स्पष्ट होते.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी हा एके काळचा गिरणगाव. गिरणी कामगार चाळीत राहात असे आणि भोंगा वाजला की पायी पाळीवर जात असे. कामाची जागा आणि राहण्याची जागा एकमेकींना खेटून असल्याने लाखो माणसांच्या या वस्तीचा ताण रेल्वेवर आजच्यासारखा पडत नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावत गेल्या. शहरातील ५८ गिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती, तीही बेटाच्या ऐन मध्यावर. कापडापेक्षा त्याखालची जमीन महाग झाली, तेव्हाच गिरणगावाचे भवितव्य ठरले असे म्हणावे लागेल.

१९९१ हे वर्ष आपल्याला आर्थिक उदारीकरणाचे म्हणून आठवते. त्याच वर्षी मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि तिच्यातील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवून दिली. ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. जमीन विकून येणारा पैसा कामगारांची देणी आणि गिरणीचे पुनरुज्जीवन यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवायचा होता. कागदावर ही योजना वाईट नव्हती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा तुकड्यातुकड्याने नव्हे, तर एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. म्हणजे रस्ते, उद्याने, स्थानकांभोवतीच्या मोकळ्या जागा यांना वाव मिळाला असता. तो अहवाल अमलात आला नाही.

२००१ मध्ये नियमात फेरफार झाला आणि वाटणी केवळ 'मोकळ्या' जमिनीपुरती उरली. वाचकांना हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु सारी मेख त्यातच आहे. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे, खाते, चिमणी यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. त्या पाडल्यानंतर रिकामी होणारी जमीन 'मोकळी' धरायची नाही असे ठरले, की वाटणीला उरते ती अंगणाएवढी जागा. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांचा लिलाव केला, त्यात लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना गेली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच जमीन सुमारे २,७०० कोटी रुपयांना पुन्हा विकली गेली.

त्या जमिनींवर आज मनोरे, मॉल आणि कार्यालये उभी आहेत. तेथे काम करणारी माणसे विरारहून, डोंबिवलीहून, कल्याणहून लोकलने येतात. परळच्या पुलावरची गर्दी होती ती त्यांची.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा फेरफार केला कोणी? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात, त्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही इतपतच, बदल करता येतो आणि त्याला अंतिम मंजुरी राज्य शासन देते. म्हणजे निर्णय मंत्रालयात होतो. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत, जमीन वापराचा नियम राज्याच्या, बांधकामाचा नकाशा मंजूर करणार महापालिका, आणि घरांचा वाटा म्हाडाचा. कार्यालयात येणाऱ्या माणसांची संख्या वाढली तर पूल रुंद करावा लागेल, एवढी साधी बेरीज यांपैकी कोणाच्याही कामात मोडत नव्हती. मते मागायला दारी येणारा नगरसेवक तर या साखळीत कुठेच नव्हता.

वास्तविक हे घडू नये म्हणूनच घटनेत ७४ वी दुरुस्ती झाली. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची १८ कामे नमूद केली. त्यांतील पहिलेच काम नगर नियोजन आणि दुसरे जमीन वापर व इमारत बांधणीचे नियमन. पण ती कामे आणि अधिकार राज्य विधिमंडळ कायद्याद्वारे 'देऊ शकेल', असे घटनेच्या २४३-डब्ल्यू या अनुच्छेदात म्हटले आहे. 'दिलेच पाहिजेत' असे नाही. राज्यांनी या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या, तेव्हा मुंबईने अनेक प्रभागांची मिळून एक समिती अशी तोड काढली. नागरिक जिथे स्वतः बोलू शकतील, अशा क्षेत्र सभांची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली, पण ती कायद्याच्या पुस्तकातच राहिली.

मुंबईपुरते बोलायचे तर दुखणे याहून जुने आहे. महापालिकेचा कारभार आजही १८८८ च्या अधिनियमाने चालतो. फिरोजशहा मेहतांसारख्यांच्या पुढाकारामुळे त्या काळाच्या मानाने हा कायदा उदार होता, तरी कार्यकारी अधिकार त्याने आयुक्ताकडे ठेवले आणि आयुक्त नेमायचा तो सरकारने. महापौर सभागृहाचा अध्यक्ष, शहराचा प्रथम नागरिक आणि पाहुण्यांच्या स्वागताचा मानकरी. १९९८ मध्ये महापौर परिषदेचा प्रयोग करून निवडून आलेल्यांच्या हाती थोडा कारभार देऊन पाहिला गेला, पण तो पुढच्याच वर्षी गुंडाळण्यात आला. 'मुंबईचे शांघाय करू' अशी घोषणा २००४ च्या सुमारास गाजली, तेव्हा तिकडच्या उंच इमारतींची वर्णने पुष्कळ झाली. शांघायच्या महापौराच्या हाती किती सत्ता असते आणि ती त्याला मतपेटीतून मिळत नाही, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. लंडनने याच काळात वेगळा मार्ग धरला. १९८६ मध्ये बरखास्त केलेल्या महानगर परिषदेच्या जागी २००० पासून तेथे लोकांनी थेट निवडलेला महापौर आला.

जागतिकीकरणाने शहरांवर एक नवे ओझे टाकले हे खरे. सॅस्किया सॅसेन यांनी १९९१ मध्ये न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो यांच्या अभ्यासातून 'जागतिक शहर' ही कल्पना मांडली, ती वित्त आणि सेवाक्षेत्राच्या आज्ञाकेंद्रांचे वर्णन म्हणून. आपल्याकडे ती ध्येयवाक्य होऊन बसली. २००३ मध्ये बॉम्बे फर्स्ट आणि मॅकिन्सी यांचा 'व्हिजन मुंबई' अहवाल आला आणि दहा वर्षांत जागतिक दर्जाचे शहर घडवण्याचे वेळापत्रकच मांडले गेले. गुंतवणूकदाराला एका खिडकीत परवानगी हवी असते, सभागृहातील रात्री उशिरापर्यंतचा गोंधळ नको असतो. त्यामुळे कामे प्राधिकरणांकडे आणि कंपन्यांकडे सरकत गेली. वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन एमएमआरडीएकडे. झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन प्राधिकरणाकडे. वांद्रे-वरळी सागरी सेतू रस्ते विकास महामंडळाकडे. धारावीच्या पुनर्विकासासाठी स्थापन झालेल्या कंपनीत ८० टक्के वाटा खासगी उद्योगसमूहाचा आणि २० टक्के राज्य शासनाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदीची आठवण सर्वांना झाली, तेव्हा जबाबदारीचीही वाटणी झाली. नदीचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे आणि सुमारे ६ किलोमीटर एमएमआरडीएकडे. पाणी अर्थातच ही हद्द ओळखत नाही.

केंद्राच्या योजनांतही हाच अंतर्विरोध दिसतो. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने निधीच्या बदल्यात ७४ वी दुरुस्ती राबवण्याची अट घातली. जून २०१५ च्या स्मार्ट सिटी अभियानाने प्रत्येक शहरात स्वतंत्र कंपनी स्थापण्याची अट घातली. एका योजनेने सभागृहाला बळ द्यायचे आणि दुसरीने त्याला वळसा घालायचा! पैशाचेही तेच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचा जकात कर, म्हणजे महापालिकेचे सर्वांत मोठे स्वतःचे उत्पन्न, संपुष्टात आले. राज्य शासनाकडून भरपाई मिळते, पण हक्काची वसुली आणि दुसऱ्याच्या हातून येणारा धनादेश यांत फरक आहे.

नगरसेवकांविषयी भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. स्थायी समितीतील टक्केवारीच्या कहाण्या मुंबईकरांना नव्या नाहीत, आणि प्राधिकरणांचे समर्थन करणारे नेमके तिकडेच बोट दाखवतात. परंतु भ्रष्ट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी बसवता येते. प्राधिकरणाला कसे बसवणार? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादात निवडणूक अडकली. जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही निर्वाचित सदस्याच्या मताविना संमत झाला. शहरात त्यामुळे काही आकाश कोसळले नाही, पाणी येत राहिले, कचरा उचलला गेला. ही शांतताच अधिक चिंताजनक होती, असे माझे मत आहे. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील इतर महापालिकांबरोबर मुंबईत मतदान झाले आणि सभागृह पुन्हा भरले. १८८८ चा अधिनियम आणि २४३-डब्ल्यू मधील ते 'देऊ शकेल' मात्र जागच्या जागी आहेत.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांच्या आसपास अर्ज आले होते. म्हाडाने २०१२ पासून काही हजार घरांच्या सोडती काढल्या, तोवर अर्जदारांपैकी अनेकांच्या जागी त्यांचे वारस उभे होते. बाकीच्यांसाठी पुढे आलेल्या प्रस्तावांत वांगणी आणि शेलू या, बदलापूर-कर्जतकडच्या गावांतील घरांचा समावेश होता. मुंबईतच घर हवे म्हणून कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले. शेलूला घर मिळाले, तर त्या घरातील मुलाला लोअर परळच्या नोकरीसाठी पहाटे कर्जत लोकल पकडून परळला उतरावे लागेल, आणि तेथून पुलावरून पलीकडे जावे लागेल.