जतुकास्थीतील पोकळी : शवविच्छेदनापासून सीटी स्कॅनपर्यंत

कवटीच्या तळाशी, नाकाच्या थेट मागे असलेल्या अस्थीला ग्रीक परंपरेने पाचरीवरून ‘स्फिनॉइड’ म्हटले, तर आपल्या परिभाषेने तिच्या पसरलेल्या पंखांत वटवाघूळ पाहून ‘जतुकास्थी’ हे नाव दिले, आणि दुसरे नाव अधिक चपखल आहे. तिच्यातील हवेची पोकळी, म्हणजे स्फिनॉइड सायनस, जन्माच्या वेळी जवळजवळ नसतेच. ती बालपणात हाड पोखरत वाढते आणि कुठवर पोहोचेल हे माणसागणिक बदलते.

१९०७ मध्ये श्लोफर यांनी आणि १९१० मध्ये हिर्श यांनी नाकावाटे पीयूषिका ग्रंथी गाठली, तेव्हा ही पोकळी शस्त्रक्रियेची वाट झाली आणि तिच्यातील फरकांना महत्त्व आले. पोकळी त्या ग्रंथीच्या खोगिरासारख्या खळग्यापर्यंत पोहोचते की अलीकडेच थांबते, यावरून १९६१ मध्ये हॅम्बर्गर आणि सहकाऱ्यांनी केलेले तीन प्रकार आजही वापरात आहेत. पण जिवंत माणसाच्या कवटीत आत काय आहे हे साध्या क्ष-किरण चित्रात एकावर एक पडलेल्या सावल्यांतून ताडावे लागे. १९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला, आणि पुढे एक मिलिमीटरच्या आसपासचे पातळ छेद मिळू लागल्यावर हे ताडणे संपले.

अशा छेदात काळ्या पोकळीमधून पांढरा पडदा तिरका जातो आणि कधी कधी नेमका कॅरोटिड धमनीच्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. तो पडदा हिसका देऊन तोडल्यास धमनीच फाटण्याचा धोका असतो. धमनीवरचे किंवा दृष्टीच्या नसेवरचे हाड काहींत मुळातच नसते. शिवाय काहींत मागची एथमॉइड पोकळी सायनसच्या वर सरकून दृष्टीच्या नसेला बिलगते. तिला ओनोडी यांचे नाव आहे. यांतला एकही प्रकार आजार नव्हे.

२०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, पसरली, तेव्हा आजार आणि असा जन्मजात फरक यांतला भेद ओळखणे निकडीचे झाले. बुरशीने खाल्लेले हाड आणि जन्मतःच नसलेले हाड छेदात सारखेच दिसू शकते. अशा वेळी भोवतालच्या ऊतींची सूज, एमआरआय आणि हाताशी असल्यास रुग्णाची जुनी फिल्म यांवरून निर्णय करावा लागतो.