अठरा पूर्ण, आता राहायचं कुठे?

बारावीचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. लातूर, बीड, नांदेड, सांगलीकडून आलेले वडील मुलाला सोबत घेऊन जुने वाडे आणि नव्या सोसायट्या पालथ्या घालत असतात. 'कॉट बेसिस'च्या पाट्या वाचतात, घासाघीस करतात, डिपॉझिट भरतात, भाडेकरारावर सही करतात. निघताना खानावळीच्या मावशींना सांगून जातात, ''पोराकडे जरा लक्ष असू द्या.'' बॅगेत आईने दिलेला लाडवांचा डबा असतो. महिनाअखेरीला पैसे संपले तर फोन करायला माणूस असतो. कावीळ झाली तर परत जायला घर असतं. आपण कौतुकाने म्हणतो, पोरगं अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभं राहिलं. खरं तर त्या पायांखाली अख्खं कुटुंब उभं असतं.

त्याच वयाची काही मुलं-मुली बालगृहांतून बाहेर पडतात. वय पूर्ण झालं म्हणून नाव कमी होतं. हातात गुणपत्रिका, आधार कार्ड, दोन-चार कपडे. डिपॉझिट भरणारं कुणी नाही, जामीन राहणारं कुणी नाही. घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, ''गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?'' या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की बहुतेक दारं तिथेच बंद होतात. नोकरीच्या अर्जात 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. तिथे बालगृहाचा पत्ता लिहावा, तर तिथे आता राहता येत नाही.

या तरुणांविषयी बोलताना आपण शिक्षण, कौशल्य, आरक्षण, समुपदेशन यांची चर्चा करतो. ते सगळं हवंच. पण डोक्यावर छप्पर नसेल, तर यातलं काहीच टिकत नाही. म्हणून घराचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, आणि तोही मूल संस्थेबाहेर पडण्याआधी.

एका दिवसाचं अंतर

आपले दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, की या प्रश्नाची धार कळते.

पहिला कायदा २०१५ चा बाल न्याय कायदा. ज्याला घर किंवा राहण्याचं निश्चित ठिकाण नाही आणि उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही, असं मूल या कायद्याच्या भाषेत 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचं, निवारा द्यायचा, शाळेत घालायचं ही शासनाची जबाबदारी.

दुसरा कायदा १९५९ चा, मुंबई राज्याच्या काळातला, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरताना किंवा थांबलेला आढळतो, की तो भिकेवरच जगत असावा असं वाटावं, अशा माणसालाही हा कायदा भिक्षेकरी मानतो. पोलीस त्याला वॉरंटशिवाय ताब्यात घेऊ शकतात. पहिल्याच वेळी किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षं त्याला भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली शिक्षेची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवून रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरताच होता.

दोन्ही कायद्यांतलं वर्णन जवळपास एकाच माणसाचं आहे. घर नाही, कमाईचं साधन नाही, रस्त्यावर आहे. अठरा पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री तो काळजीचा विषय असतो आणि दुसऱ्या दिवशी संशयाचा. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि पुढे देशभर पोहोचलेली १०९८ ही हेल्पलाइनही मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण झाले की तो आकडाही त्याच्यासाठी उरत नाही. मूल मात्र एका रात्रीत बदललेलं नसतं.

कायद्यातलं 'देता येईल'

बाल न्याय कायद्याने हा धोका ओळखलेला आहे, हेही सांगायला हवं. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना द्यायच्या आधाराला आपल्याकडे 'अनुरक्षण' म्हणतात. कायद्यानुसार तो १८ ते २१ या वयासाठी आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत तो २३ पर्यंत वाढवण्याची मुभा दिली. हे नियम वाचताना बरं वाटतं. सहा ते आठ जणांच्या गटाला एकत्र राहता येईल अशी तात्पुरती घरं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत मदत, व्यवसायासाठी कर्ज, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा समितीपुढे ठेवावा, असंही त्यात आहे.

अडचण आहे ती एका क्रियापदात. कलम ४६ म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य 'देता येईल'. 'द्यावंच लागेल' असं ते म्हणत नाही. ज्या जिल्ह्यात अधिकारी तळमळीचा, संस्था जागरूक आणि निधी वेळेवर, तिथे मुलाला आधार मिळतो. जिथे यातली एक कडी निसटते, तिथे मुलगा स्टेशनवर पोहोचतो. अठरा वर्षांच्या मुलाचं नशीब त्याच्या जिल्ह्यावर ठरावं, हे न्याय्य नाही.

रकमेचंही तसंच. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरले. पूर्वीच्या २,००० पेक्षा ते दुप्पट आहेत, पण पुण्या-मुंबईत एक कॉट आणि दोन वेळची खानावळ यातच ते संपतात. बस पास, मोबाइलचा रिचार्ज, पुस्तकं, औषधं, साबण-तेल यांचे पैसे कुठून आणायचे? शिवाय घर मिळवताना अडतं ते महिन्याच्या भाड्यावर नव्हे. दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि दलालाची रक्कम एकदम मोजावी लागते, गाडं तिथेच रुततं. त्या पहिल्या रकमेची सोय दरमहाच्या मदतीतून होत नाही.

रात्र निवारा म्हणजे घर नव्हे

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी देशभरातल्या बेघरांची मोजणी केली. पूल, फलाट, फुटपाथ, देवळांच्या पायऱ्या यांवर झोपलेली १७ लाख ७३ हजार माणसं नोंदली गेली. त्यातली २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात होती. उत्तर प्रदेशानंतर सर्वाधिक. बेघरांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आदेश दिले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष ठरवला : शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा, बारा महिने चालणारा निवारा. थंडी-पावसात जीव वाचवायला हे निवारे फार मोलाचे आहेत.

पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला जगायला काय काय लागतं, ते एकदा मोजून पाहावं. आधी कुलूप लागतं. रस्त्यावर राहणारा मुलगा पिशवी उशाशी घेऊन झोपतो, कारण त्यात दहावीचं प्रमाणपत्र असतं. ती पिशवी चोरीला गेली किंवा अतिक्रमणविरोधी कारवाईत उचलली गेली, की त्याच्या शिक्षणाचा पुरावाच जातो, आणि दुय्यम प्रत काढायला पुन्हा पत्ता आणि पैसे लागतात. मग आंघोळ आणि धुतलेले कपडे, कारण मुलाखतीला घामट शर्ट चालत नाही. मोबाइल चार्ज करायला प्लग. अभ्यासाला दिवा आणि टेबल. तापात पडून राहायला हक्काची जागा, जिथून सकाळी कुणी उठवणार नाही. आणि एक माणूस, जो रात्री विचारेल, ''जेवलास का?''

मुलींच्या बाबतीत तर निवाऱ्याचा प्रश्न सुरक्षिततेशी बांधलेला आहे. रात्र रस्त्यावर काढणं तिला परवडणारच नसतं. म्हणून अठरा झाले की तिचं लग्न लावून देणं हाच पुष्कळदा 'पुनर्वसनाचा' सोपा मार्ग मानला जातो. संसार सुखाचा झाला तर आनंदच आहे. पण डोक्यावर छप्पर हवं म्हणून लग्न, ही निवड नव्हे. तिला आधी सुरक्षित खोली आणि स्वतःची कमाई मिळाली, तर तिच्या होकाराला अर्थ येतो.

वसतिगृहात प्रवेश मिळालेल्यांचीही एक अडचण आहे, ती घर असलेल्यांना सुचतही नाही. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत वसतिगृह रिकामं होतं, मेस बंद होते. सगळे घरी जातात. या मुलाने कुठे जायचं?

दार उघडं राहिलं की

अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचं गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचं बालगृह उभं केलं. मुलांना स्वतःचं नाव दिलं. कागदोपत्री त्यांचे वडील झाले. अठरा पूर्ण झाली म्हणून या मुलांना बाहेर काढायचं, ही कल्पनाच त्यांनी मानली नाही. अशा मुलांचं आजीवन पुनर्वसन व्हावं, यासाठी कायदा करा, ही मागणी ते वर्षानुवर्षं करत आले. २०२४ च्या पद्म पुरस्कारांत त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांची मानसकन्या, दृष्टिहीन माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ज्या वयात इतर मुलांना दार दाखवलं जातं, त्या वयानंतरची बरीच वर्षं तिला घर होतं. हे यश तिच्या जिद्दीचं आहे, आणि त्या उघड्या राहिलेल्या दाराचंही आहे.

मुंबईत वडाळ्याला 'शेल्टर डॉन बॉस्को' १९८७ पासून रस्त्यावरच्या मुला-तरुणांसाठी निवारा चालवते. सिंधुताई सपकाळांच्या संस्थांमधून शिकून-सवरून उभी राहिलेली मुलं 'माई'च्या घराला आजही माहेर मानतात. या ठिकाणांत एक गोष्ट समान आहे : मुलाशी असलेलं नातं वयाच्या दाखल्यावर ठरत नाही.

शासनानेही काही पावलं टाकली आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण आणलं. गोव्यातल्या अनाथालयात वाढून पुण्यात शिकायला आलेल्या अमृता करवंदे यांनी स्पर्धा परीक्षेच्या वाटेवर आलेली अडचण थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली, त्यातून हा निर्णय झाला. निर्णय मोठाच होता. परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी दोन-तीन वर्षं चालते. तेवढा काळ राहायला जागा आणि पोटाला अन्न नसेल, तर राखीव जागा कागदावरच राहते.

इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्रतिपालक (फोस्टर) कुटुंबात वाढलेल्या मुलाला, दोघांचीही इच्छा असेल तर, २१ पर्यंत तिथेच राहता येतं. २०१७ च्या कायद्याने वैयक्तिक सल्लागाराची सोय २५ वर्षांपर्यंत नेली. आपल्या घरांत तर हा कायदा न लिहिताच पाळला जातो. पंचविशीतल्या मुलाला नोकरी नसेल, तर कोणती आई त्याचं ताट बंद करते? स्वतःच्या मुलाला जे वय आपण लावतो, तेच या मुलांना लावावं, एवढीच ही मागणी आहे.

काय करता येईल

पहिलं, कलम ४६ मधलं 'देता येईल' जाऊन 'द्यावं लागेल' यावं, आणि २३ वर्षांपर्यंतचा आधार अपवाद न राहता नियम व्हावा. दुसरं, सहा-आठ जणांच्या सामूहिक घरांची तरतूद प्रत्येक मोठ्या शहरात खरोखर अमलात यावी, मुलींसाठी आधी. त्यासाठी नव्या इमारतींची वाट पाहण्याचं कारण नाही; वस्तीत भाड्याने घेतलेली दोन खोल्यांची घरं पुरतात, आणि मुलं चारचौघांत मिसळतात. तिसरं, एकरकमी डिपॉझिटसाठी स्वतंत्र निधी हवा. चौथं, सतरावं वर्ष लागताच आधार, बँक खातं, अधिवास आणि अनाथ प्रमाणपत्र यांची कामं सुरू व्हावीत. दोन महिन्यांत हे दाखले हाती येत नाहीत, हे सरकारी कचेरीत एकदा गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

पत्त्याची अडचण सुटत नाही, असं कुणी म्हणू नये. बेघर माणसाची मतदार नोंदणी करताना निवडणूक आयोग कागदोपत्री पुरावा मागत नाही. अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन पाहतो. मतासाठी शासन रात्री फुटपाथपर्यंत जाऊ शकतं, तर खोलीसाठी मुलापर्यंतही जाऊ शकतं.

आणि आपण? तुमची एखादी खोली भाड्याने द्यायची असेल, तर आई-वडील नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला परत पाठवू नका. दुकान, कार्यशाळा, कार्यालय असेल, तर नोकरी देताना राहण्याची सोय झाली आहे का, हेही विचारा. आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात, तिथल्या बाल संरक्षण कक्षात जाऊन या वर्षी किती मुलं अठरा पूर्ण करत आहेत आणि ती कुठे राहणार आहेत, याची चौकशी करा. एखाद्याचं डिपॉझिट भरा, भाडेकरारावर साक्षीदार म्हणून सही करा, दिवाळीत चार दिवस घरी बोलवा. ''गाव कुठलं?'' या प्रश्नाला त्या मुलाला तुमच्या गावाचं नाव सांगता आलं, तर त्याची अर्धी वाट सोपी होईल.