भरल्या विहिरीकांठचें वाळतें पीक

विहिरीस पाणी आहे, शेजारीं हरभरा वाळत आहे, आणि तरीहि शेतकरी तें पाणी पिकास देण्यास कचरतो. शहरांतील श्रोत्यांस याचें आश्चर्य वाटेल; परंतु विदर्भांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथें हा प्रसंग नेहमींचा आहे. तेथील भूगर्भांतील पाणी बहुतेक ठिकाणीं खारें असतें.

या पट्ट्यांतील काळी माती चुनखडीयुक्त आहे. चिकणमातीचे सूक्ष्म कण आपल्या अंगावर कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम हीं द्रव्यें धरून ठेवितात. त्यांत कॅल्शियम भरपूर असेल तर कण पुंजक्यांनीं राहतात व मधल्या पोकळींतून पाणी आणि हवा खेळते. खाऱ्या पाण्यांतील सोडियम हें कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतें. शिवाय पाण्यांत बायकार्बोनेट असल्यास, पाणी आटतांना कॅल्शियम चुनखडी होऊन खालीं बसतें आणि सोडियमचें प्राबल्य आणखी वाढतें.

येथें कोणी विचारील कीं, जमिनींत चुना विपुल असतां कॅल्शियमची उणीव कां पडावी? कारण चुनखडी पाण्यांत फारच थोडी विरघळते, व जमीन अल्कधर्मी झाली म्हणजे त्याहूनहि कमी. कोठार भरलेलें, पण त्यास कुलूप, अशी ही स्थिति होय.

ही हानि लगेच दिसत नाहीं. मातींत क्षार आहेत तोंवर कण एकत्र राहतात. पावसाच्या गोड्या पाण्यानें क्षार धुवून गेले, कीं सोडियमनें व्यापलेले कण फुगून सुटे होतात. छिद्रें बुजतात, पाणी वर सांचतें, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी टणक होते. हीच चोपण जमीन. कणांनीं धरलेल्या या द्रव्यांत सोडियमचा वांटा शेंकडा १५ हून अधिक झाला म्हणजे जमीन चोपण समजतात. काळ्या जमिनींत त्रास त्याच्याहि आधीं सुरू होतो.

यावर उपाय आहे. जिप्सम चुनखडीहून पुष्कळ अधिक विरघळतें व त्यांतील कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतें. मात्र निचऱ्याचे चर नसतील तर तें तेथेंच राहतें. ताग किंवा धैंचा गाडल्यास कुजतांना निघणाऱ्या कर्बाम्लवायूनें चुनखडीहि थोडी विरघळते. पावसाचें पाणी शेततळ्यांत सांठवून तेंच पिकास देणें, हा मार्ग सर्वांत सुरक्षित.

खाऱ्या पाण्यानें एका हंगामाचें पीक कदाचित् वांचेल. पण शेत पुढील अनेक हंगामांस मुकेल. शेतकऱ्याचा हात अडतो तो यासाठीं.