एप्रिलची बाकी, मे महिन्याची वसुली

वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यातील मनुष्याचा मुंबई इंडियन्सशी असलेला संबंध केवळ दूरदर्शनच्या पडद्यापुरता नाही. ज्या लोहमार्गाच्या उत्तर टोकाशी तो राहतो, त्याच लोहमार्गाच्या दक्षिण टोकाला, चर्चगेट स्थानकापासून पायी काही मिनिटांवर, वानखेडे स्टेडियम उभे आहे. आणि ज्या रात्री तिथे सामना असतो, त्या रात्री उशिराच्या विरार लोकलमध्ये निळे सदरे घातलेली तरुण मंडळी गुणतक्त्याचा जो काही खल करीत असतात, त्यापुढे एखाद्या पेढीवरील मुनीमजीनेही हात टेकावेत. या मार्गाने प्रेक्षकच नव्हे, तर खेळाडूही मुंबईस पुरविले आहेत. शालेय क्रिकेटमध्ये २०१३ साली ५४६ धावांची खेळी करणारा पृथ्वी शॉ विरारचा, आणि पालघरजवळच्या माहीम गावचा शार्दूल ठाकूर तर त्याहूनही दूरचा. दोघेही खांद्यावर क्रिकेटची पिशवी घेऊन या गाड्यांच्या गर्दीत उभे राहून मोठे झाले. तेव्हा मुंबईच्या संघाचा हंगाम चढउताराचा ठरला, की त्याची धग इकडे अंमळ अधिक जाणवते, यात नवल नाही.

आणि मुंबईचा हंगाम चढउताराचाच असतो. एप्रिलमध्ये पराभवांची माळ लागावी, जाणत्यांनी संघाच्या नावावर काट मारावी, आणि मे उजाडताच त्याच संघाने एकामागून एक सामने जिंकत प्लेऑफच्या उंबरठ्याशी येऊन थडकावे, हा प्रकार इतक्यांदा घडला आहे की पुष्कळांना तो या संघाचा स्वभावच वाटू लागला आहे. अखेरच्या धावपळीचे हे कौतुक मला अर्धेच मान्य आहे. उरलेले अर्धे का मान्य नाही, ते सांगण्यापूर्वी या स्पर्धेची रचना थोडी उलगडून पाहिली पाहिजे.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघ १४ साखळी सामने खेळतो. विजयास २ गुण, सामना निकालाविना राहिला तर दोन्ही पक्षांस एकेक, पराभवास शून्य. गुणतक्त्यातील पहिले चार संघ पुढे, म्हणजे प्लेऑफमध्ये, जातात. पण त्या चौघांचे हक्क सारखे नसतात. २०११ सालापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार पहिल्या दोघांना एक पराभव माफ असतो, म्हणजे आपसांतील सामना हरणाऱ्याला अंतिम फेरी गाठण्याची आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या आणि चौथ्याला मात्र ती सवलत नाही, त्यांनी हरताक्षणीच गाशा गुंडाळावा. म्हणजे चौथे स्थान हे प्रवेशपत्र खरे, पण त्यावर सवलतीचा शिक्का नाही. ही गोष्ट मे महिन्याच्या उन्मादात हटकून विसरली जाते.

२०१४ सालचा हंगाम या विषयाचा आदिग्रंथच म्हणावा लागेल. लोकसभेच्या निवडणुकांमुळे त्या वर्षीचे आरंभीचे सामने संयुक्त अरब अमिरातीत हलविण्यात आले होते, आणि तेथे गतविजेती मुंबई पाच सामने खेळून पाचही हरली: १६ एप्रिलला अबू धाबीत कोलकात्याकडून ४१ धावांनी, आणि महिनाअखेरीस दुबईत हैदराबादकडून १५ धावांनी, मधले तीनही पराभव तितकेच निर्विवाद. (वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्याच्याच दप्तरी होता, पालघर जिल्हा अस्तित्वात आला तो त्या वर्षीच्या १ ऑगस्टला, म्हणजे ही कथा तशी जुन्या जिल्ह्यातील.) मायदेशी परतल्यावर रोहित शर्माच्या संघाने पंजाबला आणि बंगळूरला हरविले, मग चेन्नईकडून मार खाल्ला, हैदराबादला नमविले, पुन्हा कोलकात्याकडून हार पत्करली, आणि ज्या वेळी आणखी एकही पराभव परवडण्याजोगा उरला नव्हता, नेमक्या त्याच वेळी १९ ते २५ मे या सात दिवसांत चार सामने खेळून चारही जिंकले. हंगामाच्या मध्यावर बदली म्हणून आलेल्या लेंडल सिमन्सने मोहालीला नाबाद शतक ठोकले ते याच आठवड्यात.

या चारांपैकी शेवटचा सामना, रविवार २५ मे, वानखेडेवर राजस्थानशी. राजस्थानच्या खाती १४ गुण, मुंबईच्या खाती १२. केवळ जिंकून भागणार नव्हते. जिंकल्यावर दोघांचे गुण समान होत होते, आणि मग निवाडा निव्वळ धावगतीकडे जात होता. ही निव्वळ धावगती म्हणजे दिसते तितकी गूढ वस्तू नव्हे. संघाने साखळीत काढलेल्या एकूण धावांना त्याने खेळलेल्या षटकांनी भागावे, प्रतिपक्षांना दिलेल्या एकूण धावांना टाकलेल्या षटकांनी भागावे, आणि पहिल्यातून दुसरे वजा करावे. जमेतून खर्च वजा जाता उरते ती शिल्लक. संजू सॅमसनच्या ७४ आणि करुण नायरच्या ५० धावांच्या बळावर राजस्थानने १८९ पर्यंत मजल मारली, तेव्हा या वजाबाकीतून जो आकडा निघाला, तो ऐकून पुष्कळ प्रेक्षकांनी घरची वाट धरली असल्यास त्यांना दोष देता येणार नाही: १९० धावा, आणि त्याही १४.३ षटकांत, म्हणजे ८७ चेंडूंत.

कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा केल्या. अंबाती रायुडूने १० चेंडूंत ३०. आणि नेमका ८७ वा चेंडू पडला तेव्हा धावसंख्या बरोबर १८९ वर येऊन थांबली, कारण विजयाची धाव घेताना रायुडू धावबाद झाला. बरोबरी झाली, मुदत संपली, आणि मैदानावर क्षणभर कोणालाच उमगेना की आता आनंद मानावा की सुतक पाळावे. मग वजाबाकी नव्याने मांडली गेली: पुढच्याच चेंडूवर चौकार वा षटकार बसला, तर त्या जादा धावांच्या जोरावर मुंबईची धावगती अजूनही राजस्थानच्या वर जात होती. जेम्स फॉकनरचा पायाकडे आलेला फुलटॉस नुकत्याच मैदानात उतरलेल्या आदित्य तरेने थेट प्रेक्षकांत भिरकावला. तरे सदरा वर ओढून धावत सुटला. आणि राहुल द्रविड, ज्याच्या संयमाचे दाखले मुलांना दिले जातात, त्या द्रविडाने राजस्थानच्या गोटात आपली टोपी जमिनीवर आपटली.

एवढ्यावर ही कथा थांबविली तर ती परीकथा ठरते, आणि बहुधा ती एवढ्यावरच थांबविली जाते. पुढे काय झाले? तीन दिवसांनी, २८ मे रोजी, वानखेडेपासून हाकेच्या अंतरावरील ब्रेबॉर्न मैदानावर चेन्नईने मुंबईला सात गडी राखून हरविले आणि हंगाम तेथेच बरखास्त झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१५ साली, मुंबई पहिल्या सहापैकी पाच सामने हरली. पण त्या वेळी मुसंडी लवकर मारल्यामुळे ती गुणतक्त्यात दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली, सवलतीची धनी झाली, आणि २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून विजेती ठरली. लोकांच्या स्मरणात मात्र तरेचा षटकार अधिक ठसठशीत आहे. स्मरणशक्तीस गुणतक्त्याशी कर्तव्य नसते.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळाला आपल्याकडे कोणी फारसे जाणत नाही, पण उशिराच्या धावेचे जे उदाहरण तेथे आजही प्रमाण मानले जाते, ते आपल्या कथेला चपखल बसते. १९५१ साली न्यू यॉर्क जायंट्स या संघाने हंगामाच्या आरंभीच, एप्रिलमध्ये, सलग ११ सामने गमावले. ऑगस्टच्या ११ तारखेस तो ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होता. तेथून उरलेल्या ४४ पैकी ३७ सामने त्याने जिंकले, आणि १५४ सामन्यांची साखळी संपली तेव्हा दोन्ही संघांचे विजय ९६ आणि पराभव ५८, अगदी तंतोतंत. निर्णयासाठी तीन सामने ठेवण्यात आले. ३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्यात, शेवटच्या डावात, ४ विरुद्ध २ असे मागे असताना बॉबी थॉमसनने चेंडू प्रेक्षकांत मारून एका फटक्यात तीन धावा वसूल केल्या. आणि मग? त्यानंतरच्या अजिंक्यपदाच्या लढतीत यँकीज संघाने जायंट्सना सहा सामन्यांत संपविले. पुढे अर्धशतकानंतर असेही उघडकीस आले की जायंट्सची मंडळी दुर्बिणीतून प्रतिपक्षाच्या खुणा चोरून वाचीत होती; पण तो स्वतंत्र विषय आहे. एप्रिलमध्ये ते ११ सामने हरले नसते, तर ऑक्टोबरमध्ये थॉमसनच्या फटक्याची गरजच पडली नसती, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

आता २०२५ सालाकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा त्या सालात इतका स्वच्छ लिहिलेला आहे की तो शोधण्याचे श्रमही पडत नाहीत. जसप्रीत बुमराह दुखापतीमुळे बाहेर, पहिल्या सामन्यात कर्णधार हार्दिक पंड्या निलंबित. पाच सामन्यांत चार पराभव. त्यांतील दोन पराभव पाहा. ४ एप्रिलला लखनऊकडून १२ धावांनी. ७ एप्रिलला वानखेडेवर बंगळूरकडून पुन्हा १२ धावांनी. १३ एप्रिलला दिल्लीत मात्र मुंबई जिंकली, आणि तीही १२ धावांनीच. करुण नायर ८९ धावा काढून गेल्यावर दिल्लीचे शेवटचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर धावबाद झाले तेव्हा. अंतर तेच, फासे उलटे. तेथून सलग सहा विजय. जयपुरात राजस्थानवर मिळविलेला तर १०० धावांचा. मे महिन्यात सीमेवरील संघर्षामुळे स्पर्धा आठवडाभर तहकूब राहिली, आणि ती पुन्हा सुरू झाल्यावर २१ मे रोजी वानखेडेवर सूर्यकुमार यादवच्या नाबाद ७३ धावांच्या आधारे मुंबईने दिल्लीला ५९ धावांनी लोळवून चौथी जागा पटकावली.

लखनऊच्या त्या सामन्याचे शल्य पालघर जिल्ह्यात दुहेरी होते. लिलावात कोणीही न घेतलेला, आणि दुसऱ्या एका गोलंदाजाच्या दुखापतीमुळे ऐनवेळी लखनऊत दाखल झालेला शार्दूल ठाकूर १९ वे षटक टाकावयास आला, आणि मुंबईला वेगाने धावा हव्या असताना त्याने त्यात अवघ्या ७ दिल्या. त्याच षटकात तिलक वर्माला फटके बसत नाहीत म्हणून मुंबईने स्वतःहून माघारी बोलाविले. संघ आपला आणि गोलंदाज आपल्या गावचा, अशा वेळी विरारच्या प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने टाळी वाजवावी, याचा नियम कोणत्याही पुस्तकात नाही.

परंतु अधिक महाग पडला तो ७ एप्रिलचा पराभव. शेवटच्या षटकात १९ धावा हव्या होत्या, आणि कर्णधाराच्या सख्ख्या भावाने, कृणाल पंड्याने, त्या षटकात तीन गडी टिपून बंगळूरला विजय मिळवून दिला. साखळीअखेर गुण असे होते: पंजाब १९, बंगळूर १९, गुजरात १८, मुंबई १६. धावगती मुंबईची सर्वांत सरस. आता इतर सर्व सामने झाले तसेच झाले असे धरून केवळ त्या एका रात्रीचा निकाल उलटा करून पाहावा. मुंबईचे १८ होतात, बंगळूरचे १७; गुजरातशी गुण समान, पण धावगती अधिक; म्हणजे मुंबई दुसरी आणि बंगळूर चौथे. प्रत्यक्षात मुंबई चौथी राहिली. मुल्लांपूरला ३० मे रोजी तिने गुजरातला २० धावांनी हरविले खरे. पण १ जूनला अहमदाबादेत पंजाबच्या श्रेयस अय्यरने, म्हणजे मुंबईच्याच मैदानांवर वाढलेल्या फलंदाजाने, ४१ चेंडूंत नाबाद ८७ धावा काढून तिची वाट बंद केली. हाच पंजाबचा संघ तीन दिवसांपूर्वी बंगळूरकडून हरलेला होता आणि तरीही स्पर्धेत शाबूत होता, तो सवलतीच्या जोरावर. आणि विजेतेपद? ते ३ जून रोजी, स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच, बंगळूरने मिळविले.

एप्रिलमधील दोन गुण आणि मेमधील दोन गुण यांची किंमत खतावणीत एकच असते. फरक इतकाच की मेमधील गुणांना वाद्यांचा गजर लाभतो. २०१३ ते २०२५ या तेरा हंगामांत मुंबईने आपला पहिला सामना एकदाही जिंकलेला नाही, ही गोष्ट संघाच्या चाहत्यांत थट्टेचा विषय झाली आहे. माझ्या मते ती थट्टेची नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने लखनऊकडून शार्दूल ठाकूरला आपल्याकडे घेतले, तेव्हा १९ व्या षटकाची निदान एक काळजी मिटली असे म्हणू. विरार लोकलमधील हिशेबनीस मंडळींना मात्र एक विनंती आहे: वही मे महिन्यात उघडू नका; ती मार्चअखेरच्या पहिल्या सामन्यापासून लिहा, आणि १२ धावांनी हरलेला प्रत्येक सामना तीत तांबड्या शाईने नोंदवा.