न्यूटाउनचा मंगळवार

पाऊस थांबायला तयार नाही. 1879 चा अख्खा उन्हाळा असाच गेला. कापायला आलेलं गवत जागच्या जागी कुजलं, ओट्सची कणसं शेतातच काळी पडली. तरीही आज मंगळवार आहे, बाजाराचा दिवस, आणि सगळ्या वाटा न्यूटाउनकडेच येताहेत. मध्य वेल्सच्या माँटगोमेरीशर परगण्यातल्या या गावाला पहिल्या एडवर्ड राजाने बाजाराची सनद दिली ती 1279 मध्ये. म्हणजे यंदा सहाशे वर्षं झाली.

सेव्हर्न नदीवरच्या दगडी पुलावर मेंढ्यांचा कळप अडकला आहे. शेजारच्या केरी गावाकडच्या मेंढ्या या, पांढऱ्या तोंडावर काळे ठिपके असलेल्या. मेंढपाळ कुत्र्याला शीळ घालतो, मागे अडकलेला गाडीवान ओरडतो, आणि या गोंधळातच एक व्यापारी एका मेंढीची मान काखेत धरून तिची खालची पापणी उलटी करून बघतो. आत लाली असेल तर मेंढी निरोगी. फिकट पांढरं दिसलं, तर यकृतात चपटी कीड शिरलेली असते. ओल्या कुरणांमधून ती पसरते आणि या पावसाने तिला रान मोकळं करून दिलं आहे. इंग्लंड-वेल्समध्ये लाखो मेंढ्या तिने संपवल्या.

"ही डोंगरावरचीच आहे. खालच्या कुरणात कधी नेलेलीच नाही," मेंढपाळ सांगतो.

व्यापारी उत्तर देत नाही. दुसऱ्या मेंढीची पापणी उलटतो.

ब्रॉड स्ट्रीटवर शेतकरणींच्या टोपल्यांची रांग लागली आहे. लोणी, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उंच काळी टोपी आता फक्त म्हाताऱ्याच घालतात. तरुण मुलींच्या डोक्यावर इंग्लंडमधल्या मुलींसारखीच बॉनेट दिसते. लाल फ्लॅनेलची शाल मात्र अजून पुष्कळ खांद्यांवर आहे. डोंगराकडच्या बायका आपसात वेल्शमध्ये बोलतात आणि गिऱ्हाईक समोर आलं की इंग्रजीत भाव सांगतात. गिऱ्हाईक लोण्यात बोट घालून चव बघतं, नाक मुरडतं, पुढे जातं आणि चार टोपल्या हिंडून पुन्हा पहिलीकडेच येतं. लोण्याच्या पैशातून घरातला चहा-साखरेचा खर्च निघतो, म्हणून विकणाऱ्या बाईचा हात भावात सहजी ढिला पडत नाही.

आता पूल ओलांडून पलीकडे पेनिग्लॉडफाला जाऊ. लोकरी कापडाच्या इंग्लिश शहरावरून न्यूटाउनला वेल्सचं लीड्स म्हणतात, ते नाव या वस्तीने कमावलेलं आहे. विटांच्या लांबलचक इमारती. खाली पाठीला पाठ लावून बांधलेली बिऱ्हाडं, आणि त्यांच्या डोक्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या मागांच्या माड्या. उजेड हवा म्हणून वर खिडक्यांची ओळ. अशा एका माडीच्या जिन्याने वर गेलं की लोकरीचा आणि तेलाचा वास येतो. जागा कितीतरी मागांची आहे, पण आवाज येतो आहे तो कोपऱ्यातल्या एकाच मागाचा. साठी ओलांडलेला विणकर दोरीला हिसका देतो, धोटा या बाजूचा त्या बाजूला जातो, फणी आपटते, पावड्या खालीवर होतात. लहानपणी तो याच माडीत कांड्या भरायला बसत असे. लोकर निवडणं, पिंजणं, कातणं यांत सगळं घर जुंपलेलं असे. विणलेलं कापड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांखाली कुटून दाट करायचं, मग उतारावरच्या चौकटींना ताणून वाळवायचं. वेल्श फ्लॅनेल घाम शोषतं आणि अंगाला ऊब देतं, म्हणून खाणीत उतरणाऱ्या मजुराला त्याचाच सदरा हवा असतो.

कालवा 1821 मध्ये गावाला भिडला आणि 1832 मध्ये फ्लॅनेलच्या सौद्यांसाठी खास बाजारगृह उभं राहिलं, तेव्हा गाव भरात होतं. पण ती भरभराट विणकराच्या ताटात कधीच पुरती पडली नाही. जवळच्या लानिडलोसमध्ये 1839 साली मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीतल्या विणकरांनी गाव काही दिवस ताब्यात ठेवलं. सैन्य आलं, धरपकड झाली, काहींना जहाजातून दूरच्या वसाहतींत धाडण्यात आलं. त्यानंतर फ्लॅनेलच्या धंद्यात इंग्लंडच्या लँकेशरमधलं रॉचडेल पुढे सरसावलं. तिथे कोळसा दाराशी, यंत्रमाग दिवसरात्र चालणारे. हातमागाने त्या वेगाशी कशी झुंज द्यायची?

या रॉचडेलचं न्यूटाउनशी आणखी एक नातं आहे, आणि ते मनाला लागतं. 1844 मध्ये तिथल्या कामकऱ्यांनी पैसे जमवून जे सहकारी दुकान काढलं, त्यामागे समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांचा विचार होता. ओवेन न्यूटाउनचेच. एका जिनगराच्या घरात 1771 मध्ये जन्मले, जगभर फिरले आणि 1858 मध्ये मरायला इथेच परत आले. नदीकाठच्या जुन्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या गावच्या विणकरांना मात्र त्या सहकाराची सावली वेळेवर मिळाली नाही.

परत स्टेशनकडे यावं, तर गावाचं दुसरंच रूप दिसतं. यंदाच बांधलेली लाल विटांची भव्य इमारत: प्राइस जोन्स यांचं रॉयल वेल्श वेअरहाउस. मालक बाराव्या वर्षी याच गावातल्या कापडदुकानात उमेदवारीला लागले. 1859 मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं, त्याच सुमारास गावात रेल्वे आली, आणि त्यांनी त्या दोन्हींची सांगड घातली. कापडाचे चौकोनी तुकडे पाकिटात घालून टपालाने घरोघर पाठवायचे, गिऱ्हाइकाने पसंती कळवायची, माल रेल्वेने रवाना. पार्सल टपाल अजून सुरू व्हायचं आहे, ते 1883 मध्ये येईल. तरीही आत गठ्ठ्यांचे ढीग आहेत. मुली नमुने कापतात, कारकून पत्रं फोडतात, हमाल सुतळी आवळतात. व्हिक्टोरिया राणी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची नावं गिऱ्हाइकांत आहेत. एका कोपऱ्यात तपकिरी लोकरी पथाऱ्या रचल्या आहेत. अंथरूण-पांघरूण एकाच घोंगडीत असावं तशा, आणि उशाला हवेची उशी. रशियन सैन्याने अशा साठ हजार पथाऱ्या मागवल्या होत्या. 1877 च्या अखेरीस त्या सैन्याने वेढलेलं प्लेव्हना पडलं, वेढा संपला आणि उरलेली मागणी रद्द झाली. प्राइस जोन्स यांनी राहिलेला माल सरळ आपल्या किंमतपत्रकात घातला.

या माणसाची धडाडी खरीच आहे. आज जग घरबसल्या खरेदी करतं, त्या वाटेवरचं एक पहिलं पाऊल या छोट्या गावात पडलं. 1887 मध्ये त्यांना सर किताब मिळेल, तोही योग्यच. पण त्यांनी जगाला विकलं ते आधी वेल्श फ्लॅनेलचं नाव, मग कापड. ते नाव पुलापलीकडच्या माड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसून लोकांनी कमावलं होतं, आणि त्यांतल्या कुणालाही किताब मिळाला नाही. न्यूटाउनच्या व्यापाराची कथा एकट्या प्राइस जोन्स यांच्यापासून सुरू करणं हा त्या विणकरांवर अन्याय आहे.

न्यूटाउनला जाण्याचा योग आलाच, तर वेअरहाउस चुकायची भीती नाही. स्टेशनबाहेर पडताच ते समोर दिसतं. आधी पूल ओलांडा. कमर्शियल स्ट्रीटवरच्या विणकरांच्या अशाच एका जुन्या इमारतीत आता कापडउद्योगाचं संग्रहालय आहे. तिथल्या मागांच्या माड्या चढून बघा आणि मग स्टेशनकडे वळा.